साडेतीन टक्के ते पाच टक्के : सोलापूरच्या मागावरच्या कराची सव्वाशे वर्षं

व्हॅटच्या काळात महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात करमाफीची एक ठरलेली यादी असे. तांदूळ, गहू, डाळी, त्यांची पिठं, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, पापड, ओले खजूर आणि त्याच ओळीत सोलापुरी चादरी आणि टॉवेल. रोजच्या ताटातल्या जिनसांच्या पंगतीला एका गावाची चादर बसावी, तीही गावाच्या नावासकट, हा सोलापूरचा मोठाच मान होता. जीएसटी येईपर्यंत ही सूट टिकली. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात नव्या कराची घोषणा झाली आणि त्या क्षणी सोलापुरी चादर करमाफीच्या यादीतून निघून पाच टक्क्यांच्या रकान्यात गेली.

सोनं, हिरे यांचे वेगळे दर सोडले तर पाच टक्के हा जीएसटीतला सर्वांत खालचा दर. शंभर रुपयांच्या टॉवेलवर पाच रुपये. गिऱ्हाइकाला एवढा भार सोसण्यासारखा होता. तरीही अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीपासून साखर पेठेपर्यंत, शहराच्या पूर्व भागातल्या प्रत्येक कारखान्यात त्या वर्षी धास्ती होती. ती समजून घ्यायची तर सोलापूरच्या कापडावर कर बसल्याची पहिली गोष्ट सांगावी लागते, आणि ती १८९६ मध्ये सुरू होते.

गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तिचं नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल; गाव तिला जुनी मिल म्हणतं. त्या काळात विलायती कापड हिंदुस्थानात जवळजवळ मोकळं येत होतं, कारण १८८२ मध्ये सरकारने आयात कर काढून टाकले होते. पुढे रुपयाची किंमत घसरली, तिजोरीत तूट आली आणि १८९४ मध्ये आयात कर परत आणावा लागला. डिसेंबर १८९४ मध्ये विलायती कापडावरही पाच टक्के कर बसला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी लंडनमध्ये ओरड केली. आमच्या मालावर कर, तर हिंदी गिरण्यांच्या मालावरही तेवढाच कर हवा, ही त्यांची मागणी होती. सरकारने ती मान्य केली. आधी वीस नंबरावरच्या बारीक देशी सुतावर पाच टक्के उत्पादन शुल्क लावलं, मग फेब्रुवारी १८९६ मध्ये सगळा आराखडाच बदलला. सूत करमुक्त झालं, आयात कापडावर साडेतीन टक्के आणि हिंदी गिरण्यांत विणलेल्या प्रत्येक कापडावर साडेतीन टक्के.

अन्याय कुठे होता ते बारकाईने पाहायला हवं. हिंदी गिरण्या बहुतांशी जाडंभरडं कापड विणत. लँकेशायरचा माल बारीक पोताचा. दोघांची गिऱ्हाइकं वेगळी, स्पर्धा थोडी. तरी शेतकऱ्याच्या धोतरावर आणि मजुराच्या बंडीवर कर बसला, तो मँचेस्टरच्या समाधानासाठी. लोकमान्य टिळकांनी याविरुद्ध रान उठवलं. १८९६ मध्ये महाराष्ट्रात विलायती कापडावरच्या बहिष्काराची जी चळवळ झाली तिच्या मुळाशी हे साडेतीन टक्के होते. वंगभंगाच्या स्वदेशीला अजून नऊ वर्षं अवकाश होता.

सोलापूरच्या दृष्टीने या कायद्यात आणखी एक गोष्ट होती. कर यंत्रशक्तीवर चालणाऱ्या गिरणीच्या कापडावर होता, हातमागावर नव्हता. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर घरोघरी खड्ड्याच्या मागावर बसून लुगडी, धोतरं विणत होते. त्यांना लागणारं सूत गिरणीचं, आणि सुतावरचा कर १८९६ मध्ये उठला होता. म्हणजे एकाच शहरात, एकाच सुतापासून दोन प्रकारचं कापड निघत होतं. गिरणीतून निघालेलं साडेतीन टक्के देत होतं आणि मागावरून उतरलेलं काहीच देत नव्हतं. कर साखळीच्या कोणत्या कडीवर बसतो यावर धंद्याचा नफा-तोटा ठरतो, हा सोलापूरने गिरवलेला पहिला धडा.

पुढच्या काळात नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर मुंबई इलाख्यातलं मोठं गिरणगाव झालं. आयात कर १९१७ मध्ये साडेसात टक्क्यांवर आणि १९२१ मध्ये अकरा टक्क्यांवर गेला, तेव्हा देशी गिरण्यांना थोडा आडोसा मिळाला. साडेतीन टक्क्यांचं शुल्क मात्र तसंच राहिलं. ते हटलं एका मोठ्या संपामुळे. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी धंदा मंदा असल्याचं सांगून पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात कामगार संपावर गेले. मालकांचं म्हणणं असं, की सरकारने शुल्क काढावं म्हणजे कपात मागे घेऊ. १ डिसेंबर १९२५ पासून शुल्क स्थगित झालं, पगारकपात मागे गेली आणि संप मिटला. दुसऱ्या वर्षी ते कायमचं रद्द झालं. कराचा दर आणि कामगाराचा पगार यांचं नातं इतकं उघड क्वचितच दिसतं. तीस वर्षं ज्या साडेतीन टक्क्यांचा हिशोब मालकाच्या वहीत होता, तो शेवटी कामगाराच्या पाकिटात येऊन ठेपला होता.

कापड, साखर, तंबाखू

स्वातंत्र्यानंतरही विक्रीकर राज्यांच्याच हाती राहिला. प्रत्येक राज्याचा दर वेगळा. एका राज्यात विणलेलं कापड दुसऱ्या राज्यात विकताना व्यापाऱ्याला कागदांचा ढीग सांभाळावा लागे आणि करचुकवेगिरीही खूप होई. डिसेंबर १९५६ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेत मुख्यमंत्र्यांनी तोडगा मान्य केला. कापड, साखर आणि तंबाखू या तीन वस्तूंवरचा विक्रीकर राज्यांनी सोडायचा. त्याऐवजी केंद्राने गिरणीच्या, कारखान्याच्या दारातच जादा उत्पादन शुल्क घ्यायचं आणि ते राज्यांना वाटायचं. १९५७ चा कायदा याच समझोत्यावर उभा राहिला.

कापड, साखर आणि तंबाखू. सोलापूर जिल्ह्याच्या अर्थकारणाचे तीन खांब हेच आहेत. शहरात माग आणि विडीचे कारखाने, बाहेर उसाचे मळे आणि साखर कारखाने. त्यामुळे या समझोत्याचा जेवढा परिणाम सोलापूरवर झाला तेवढा फार थोड्या जिल्ह्यांवर झाला असेल. जवळपास साठ वर्षं इथला कापड व्यापारी विक्रीकर खात्याशी फारसा संबंध न ठेवता धंदा करत राहिला. त्याला बिलाचं पुस्तक लागे ते उधारी लक्षात ठेवायला, करासाठी नाही.

त्याच काळात आणखी एक बदल हळूहळू घडत होता. गिरणीच्या कापडावर उत्पादन शुल्काचा पूर्ण भार होता, छोट्या यंत्रमागधारकाला सवलती होत्या आणि हातमागाला माफी. साहजिकच भांडवल गिरणीतून निघून यंत्रमागाकडे वळलं. पूर्व भागातल्या घरांत खड्ड्याचे माग जाऊन दोन, चार, आठ यंत्रमागांचे कारखाने आले. जेकार्डवर मोर, वेली, फुलांच्या नक्षीची चादर विणली जाऊ लागली आणि पाठोपाठ टर्किश टॉवेल. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या बंद पडण्याला जुनी यंत्रं, थकलेली व्यवस्थापनं, वाढलेला खर्च अशी अनेक कारणं आहेत. पण कराच्या दरातला फरक त्यांतलं एक ठळक कारण होतं. सवलतीची दुसरी बाजूही होती. सवलत लहान राहणाऱ्याला मिळते, म्हणून अनेकांनी कारखाना वाढवण्याऐवजी तो भावाभावांच्या नावावर तुकड्यांत ठेवला. सोलापूरचा वस्त्रोद्योग विखुरलेला का राहिला, याचं एक उत्तर या शुल्काच्या तक्त्यात सापडतं.

२००३ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी यंत्रमागांच्या सवलती काढून त्यांना उत्पादन शुल्काच्या साखळीत ओढायचा प्रयत्न केला. हेतू सुतापासून तयार कपड्यापर्यंत वजावटीची, म्हणजे आधीच्या कडीवर भरलेला कर पुढच्या कडीवर वजा करण्याची, अखंड साखळी करण्याचा होता. चार माग चालवणाऱ्या माणसाला मात्र शुल्काची नोंदणी, रजिस्टरं आणि निरीक्षक एवढंच दिसलं. देशभरच्या यंत्रमाग केंद्रांत असंतोष उसळला. जुलै २००४ मध्ये नवे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी माघार घेतली आणि सुती कापडावरचं शुल्क ऐच्छिक केलं. ज्याला वजावट हवी त्याने चार टक्के भरावेत, नको त्याने काहीच भरू नये. बहुसंख्य यंत्रमागधारकांनी दुसरा पर्याय घेतला.

२००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला आणि चादर-टॉवेल त्यातूनही सुटले. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं. महापालिकेच्या हद्दीवरची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) हाही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला. जीएसटी येण्याआधीची दोन वर्षं कराच्या बाबतीत सोलापूरच्या मागाला सर्वांत मोकळी होती, असं म्हणता येईल. त्यानंतर नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. मजुरी रोखीत वाटणाऱ्या या धंद्याला तो धक्का पचवायला सात-आठ महिने मिळाले, आणि लगेच १ जुलै २०१७ उजाडला.

पहिले चार महिने

सोलापुरी चादर एका छपराखाली तयार होत नाही. सूत व्यापाऱ्याकडून येतं, रंगाईच्या कारखान्यात जातं, मग वार्पिंगवाल्याकडे बीम भरायला. कांड्या भरणारी बाई वेगळी, माग चालवणारा कामगार वेगळा, शिवण आणि घडी करणारे हात वेगळे. अनेक यंत्रमागधारक स्वतः सूत घेतच नाहीत. पेढीवाला सूत देतो, ते मजुरीवर विणून देतात. १९५७ पासून या सगळ्या कड्यांमधून माल तोंडी शब्दावर आणि चिठ्ठीवर फिरत होता. जीएसटीने प्रत्येक कडीला बिल मागितलं.

दर पाहिले तर सुती साखळी बरी होती. सूत पाच टक्के, कापड पाच टक्के, हजार रुपयांपर्यंतची चादर किंवा टॉवेल पाच टक्के, हजारावर गेला तर बारा. अडचण मजुरीत होती. नव्या कायद्यात मजुरीवर विणणारा माणूस सेवा पुरवणारा ठरला. सूत आणि कापडाच्या जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवरच्या कामाला, सुरुवातीलाच पाच टक्क्यांचा दर मिळाला, पण कापडाच्या पुढच्या मालाच्या, म्हणजे चादर, टॉवेल, गणवेश यांच्या जॉबवर्कवर अठरा टक्के बसले. माल विकताना पाच आणि तो शिवून घेताना अठरा. ५ ऑगस्टला जीएसटी परिषदेने ही चूक दुरुस्त करायचं ठरवलं आणि २२ ऑगस्टच्या अधिसूचनेने सर्व वस्त्रमालाच्या जॉबवर्कचा दर पाच झाला. मधले सात आठवडे होते दिवाळीच्या मालाच्या तयारीचे.

दुसरी अडचण नोंदणीची. वीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला नोंदणीची सक्ती नव्हती. पण नोंदणी नसलेल्याकडून काम घेतलं तर त्याचा कर घेणाऱ्याने भरायचा, असा नियम होता. मोठ्या पेढ्यांनी साहजिकच सोपा मार्ग धरला: जीएसटी नंबर असेल तर काम, नसेल तर नाही. कायद्याने सूट दिलेल्या माणसाला बाजाराने ती सूट नाकारली. तो नियम १३ ऑक्टोबर २०१७ ला स्थगित झाला. पुढे एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापारासाठी नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांवर गेली.

तिसरी अडचण उलट्या कररचनेची, आणि ती आकड्यांनीच समजेल. कृत्रिम धाग्याच्या सुतावर सुरुवातीला अठरा टक्के होते, त्याच्या कापडावर पाच. समजा विणकराने शंभर रुपयांचं सूत घेतलं आणि अठरा रुपये कर भरला. त्याचं कापड दीडशेला विकलं आणि साडेसात रुपये कर घेतला. उरलेले साडेदहा रुपये त्याचेच, पण सरकारकडे अडकलेले. इतर धंद्यांना अशी रक्कम परत मागता येत होती. कापडाला मात्र त्या परताव्यातून अधिसूचनेने वगळलं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये कृत्रिम सुताचा दर बारा झाला, अडकणारी रक्कम साडेचारवर आली. १ ऑगस्ट २०१८ पासून कापडालाही परतावा सुरू झाला, पण ३१ जुलैपर्यंत साठलेलं कापडाचं क्रेडिट बुडीत धरलं गेलं. सुरतेच्या कापड बाजाराने तर जुलै २०१७ मध्येच जीएसटीविरोधात दीर्घ बंद पाळला होता. सोलापूर प्रामुख्याने सुती मालाचं केंद्र, म्हणून इथला फटका तुलनेने कमी. तरी रंग, रसायनं, यंत्रांचे सुटे भाग अठरा टक्क्यांचे आणि विक्री पाचची, हा छोटा उलटा उतार सुती साखळीतही राहिला. शिवाय यंत्रसामग्री आणि सेवांवर भरलेला कर या परताव्याच्या सूत्रात मोजला जात नाही. ते सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायम केलं.

ई-वे बिलाचाही असाच अनुभव. रोज टेम्पोतून सूत, बीम, कोरं कापड या पेठेतून त्या पेठेत फिरणाऱ्या शहराला प्रत्येक फेरीसाठी ऑनलाइन बिल काढणं अशक्य होतं. जुलै २०१८ पासून महाराष्ट्र सरकारने जॉबवर्कसाठी पन्नास किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या लड्या, सूत, कापड आणि कपड्यांना ई-वे बिलातून वगळलं. मागावरची वस्तुस्थिती जाणून काढलेला हा निर्णय होता. असे निर्णय झाले हे मान्य करायला हवं, आणि ते आधी झाले असते तर किती त्रास वाचला असता हेही सांगायला हवं.

एक दिवस आधी टळलेली वाढ

१७ सप्टेंबर २०२१ ला लखनौला जीएसटी परिषदेची बैठक झाली. उलटी कररचना कायमची सरळ करायची म्हणून कापडाचा आणि तयार मालाचा दर सरसकट बारा टक्के करायचं ठरलं. १८ नोव्हेंबरला अधिसूचना निघाली. अंमल १ जानेवारी २०२२ पासून.

दुखणं कृत्रिम धाग्याच्या साखळीतलं होतं, औषध सगळ्यांना मिळणार होतं. सुती साखळीत पाच-पाचचा मेळ बऱ्यापैकी बसला होता. त्यात चारशे रुपयांच्या चादरीवर वीस रुपयांऐवजी अठ्ठेचाळीस रुपये कर येणार होता. कोरोनाच्या दोन लाटा सोसलेल्या, सुताच्या वाढत्या भावाने बेजार झालेल्या धंद्याला हे झेपणारं नव्हतं. देशभर व्यापारी संघटनांनी विरोध केला. गुजरात, तामिळनाडू, पश्चिम बंगाल, दिल्ली, राजस्थान अशा वेगवेगळ्या पक्षांच्या राज्यांनीही हरकत घेतली. ३१ डिसेंबर २०२१ ला, अंमलाच्या आदल्या दिवशी, परिषदेने तातडीची बैठक घेऊन कापडावरची वाढ पुढे ढकलली. पादत्राणांवरची वाढ मात्र दुसऱ्या दिवशी लागू झाली.

साडेतीन महिने व्यापाऱ्याला माहीत नव्हतं की जानेवारीचा भाव कोणत्या दराने लावायचा. डिसेंबरात माल भरावा, तर दर वाढला की फायदा, न वाढला तर भांडवल अडकलेलं. बाहेरगावचा घाऊक व्यापारी ऑर्डर देताना थांबला की सोलापुरातला माग थांबतो, आणि माग थांबला की त्या आठवड्याची मजुरी जाते. मजुरी नगावर किंवा मीटरवर मिळते. थांबलेल्या मागाचा पगार नसतो. लागू न झालेल्या दरानेही नुकसान होतं, ते असं.

घरातला दुसरा धंदा

पूर्व भागातल्या अनेक घरांत पुरुष मागावर जातो आणि बाई विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायचा, घरी वळायचं, मोजून द्यायचं. अशा हजारो महिला कामगार या शहरात आहेत. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली याच महिलांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प.

जीएसटीआधी विडीवर हजारामागे ठरावीक रुपयांचं उत्पादन शुल्क होतं. २०१७ मध्ये ती थेट अठ्ठावीस टक्क्यांच्या रकान्यात गेली, तेंदूच्या पानावर अठरा टक्के लागले. सिगारेटवरचा जादा उपकर विडीला नव्हता, पण टक्केवारीचा भार एकदम आला. कारखानदार किंमत फार वाढवू शकत नाही, कारण गिऱ्हाईक गरीब. मग कामाचे दिवस कमी होतात. तंबाखूने शरीराची होणारी हानी खरी आहे आणि आरोग्यतज्ज्ञ विडीवर कर वाढवा म्हणतात त्यालाही आधार आहे. पण कर वाढवून विडी कमी करायची असेल तर वळणाऱ्या बाईला दुसरं काम देण्याची तरतूद त्याच निर्णयात हवी. ती तरतूद झाली नाही. फक्त दर बदलला.

२२ सप्टेंबर २०२५

१५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दरांच्या फेररचनेची घोषणा केली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत निर्णय झाला. बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे काढून पाच आणि अठरा हे दोन मुख्य दर राहिले, चैनीच्या आणि अपायकारक वस्तूंसाठी चाळीस. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, नवे दर लागू झाले.

वस्त्रोद्योगात चार वर्षांपूर्वी अडलेली दुरुस्ती या वेळी उलट बाजूने झाली. कृत्रिम तंतू अठरावरून पाच, कृत्रिम सूत बारावरून पाच. वरच्या उदाहरणातला विणकर आता शंभराच्या सुतावर पाच रुपये भरतो, दीडशेच्या कापडावर साडेसात घेतो, अडीच रुपये सरकारला देतो आणि मोकळा होतो. पाच टक्क्यांची मर्यादा प्रतिनग हजारावरून अडीच हजारांवर गेली. त्यावरच्या मालाला बाराऐवजी अठरा टक्के लागतात.

सोलापूरला यातून काय मिळालं? नेहमीची चादर आणि टॉवेल आधीच पाचमध्ये होते. त्यांच्या बिलात काही बदललं नाही. खरा लाभ हजार ते अडीच हजारांच्या मालाला. जुन्या मर्यादेमुळे नऊशे नव्याण्णवचा नग आणि अकराशेचा नग यांच्या करात मोठी दरी होती, म्हणून जाड सूत, भरगच्च जेकार्ड, मोठा पन्हा अशा दर्जेदार मालाकडे जायला उत्पादक कचरत. बाराशेच्या बेडशीटवर एकशे चव्वेचाळीस रुपये कर होता, तो साठवर आला. दर्जा वाढवण्याची ही खरीखुरी संधी आहे.

धोकाही तिथेच आहे. सोलापुरी चादर म्हणून बाहेर कृत्रिम धाग्याची, स्वस्त, यंत्रावर झपाट्याने विणलेली चादर विकली जाते, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार. आतापर्यंत कृत्रिम सुतावरच्या चढ्या दरामुळे त्या उत्पादकाचं भांडवल परताव्यात अडकत होतं आणि सुती मालाला नकळत थोडा आडोसा मिळत होता. तो आडोसा आता गेला. न्यायाच्या दृष्टीने दर सारखे झाले हे योग्यच, पण मानांकन असलेल्या सुती चादरीला यापुढे आपल्या ओळखीचं संरक्षण स्वतः करावं लागेल. त्यात अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लावलं आणि तिकडे टॉवेल पाठवणाऱ्यांची ऐन हंगामात कोंडी झाली. देशातला दर उतरत असताना परदेशातला चढत होता.

विडीचा दर अठ्ठावीसवरून अठरा आणि तेंदूपानाचा अठरावरून पाच करण्याचा निर्णयही त्याच बैठकीत झाला. पानाचा दर लगेच उतरला. विडीचा मात्र १ फेब्रुवारी २०२६ पासून. विणकराच्या घरातल्या दोन धंद्यांना एकाच बैठकीतल्या निर्णयासाठी दोन वेगळ्या तारखा मिळाल्या.

हिशोब

१८९६ पासून आजवरचा हा पट समोर ठेवला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सोलापूरने कराला विरोध केला तो कर द्यायचा नाही म्हणून क्वचितच. साडेतीन टक्के लहान होते, पण चुकीच्या मालावर होते. २००३ ची साखळी तर्काने बरोबर होती, पण चार मागवाल्याच्या आवाक्याबाहेरची होती. २०१७ चे पाच टक्के योग्य होते, शिवणकामाचे अठरा चुकीचे होते. २०२१ ची वाढ दुसऱ्या साखळीच्या आजारासाठी होती. प्रत्येक वेळी चूक पुढे दुरुस्त झाली. पण १८९६ ची दुरुस्त व्हायला तीस वर्षं लागली, २०१७ ची सात आठवडे आणि उलट्या कररचनेची आठ वर्षं. दुरुस्तीच्या वाटेवर जे माग भंगारात गेले ते परत आले नाहीत.

म्हणून जीएसटी परिषदेकडे आणि तिच्यात महाराष्ट्राची बाजू मांडणाऱ्यांकडे तीन मागण्या आहेत. दर बदलण्याआधी सुतापासून शिवणीपर्यंत प्रत्येक कडीचा हिशोब मांडावा आणि तो जाहीर करावा. बदलाची तारीख हंगामाच्या तोंडावर ठेवू नये आणि जाहीर झालेली तारीख आदल्या दिवशी हलवू नये. परताव्याच्या सूत्रात यंत्रं आणि सेवांवरचा कर मोजावा, म्हणजे नवा माग घेणाऱ्याला शिक्षा होणार नाही. यंत्रमागधारकांनीही आपलं घर सावरायला हवं: कारखान्यांचे तुकडे जोडावेत, बिलाची सवय अंगी लावावी, मानांकनाचं लेबल प्रत्येक चादरीवर लावावं. आणि वाचकांनी दुकानात चादर घेताना ते लेबल पाहावं, पक्कं बिल मागावं. त्या बिलावरच्या पाच टक्क्यांइतकाच सोलापूरचा माग तुमच्या या सवयीवर चालणार आहे.